तळाशी लिहिलेली ओळ

आमच्या कंपनीत पंप बसवण्याची माहिती आणि दुरुस्तीची माहिती एकाच विकीवर असते. कुणीही वाचावी, कुणीही भर घालावी. मला तो पसारा नकोसा झाला होता. पंपाची गळती रोखणारं ‘सील’ शोधायला जावं तर दोन्हीकडची पानं अंगावर येतात. दोन वेगळ्या विकी करा, हा हट्ट माझाच. आज त्याचा निर्णय होता.

बैठकीत पडद्यावर नेमकं माझंच पान उघडलं, पंप बसवण्याचं. तळाशी मी न लिहिलेली एक ओळ होती : ‘पाणी खारं असेल तर हे सील टिकत नाही. बसवतानाच दुसरं घ्या.’

ती लिहिणारे दुरुस्ती विभागाचे कांबळे समोरच बसले होते. मी विचारलं, “तुम्ही आमच्या पानावर कसे?”

“चुकून आलो, मॅडम. शोधत होतो वेगळंच. आलोच होतो, म्हणून लिहून ठेवलं.”

समुद्राकाठच्या कुणाच्या तरी विहिरीवर आमचा पंप त्या ओळीमुळे अजून चालत असेल. सगळं नीट लावून ठेवलं असतं, तर कांबळे चुकून माझ्या पानावर आले कसे असते?

मी माझा मुद्दा मागे घेतला. जागेवर येऊन दुरुस्तीचं एक पान उघडलं. शोधायचं काहीच नव्हतं, सहज वाचत गेले.