कोयत्याची जागा

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नाहीत. भाकरी मोडताना ती उभीच राहतात. ते मी केलं. दारू पिऊन नाही, बांधावरून तर नाहीच. गाडीत सामान नीट लावायच्या नादात केलं. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

एखाद्याचा राग नाकावर असतो, माझा हातात असतो. लष्करात मी गाड्या दुरुस्त करायचो. निवृत्त होऊन कोरेगावजवळ गावी आलो तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा निवळेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिल्याच महिन्यात एका ट्रॉलीवाल्याला मी कॉलरला धरून त्याच्याच चाकावर आपटलं, कारण तो आमच्या दारात ट्रॅक्टर आडवा लावून चहाला गेला होता. त्याचा ओठ फुटला. सोडवायला भाऊ आला, तर त्यालाही कोपर बसलं. संध्याकाळी ट्रॉलीवाल्याच्या घरी जाऊन माफी मागून आला तो भाऊच. मी जेवून झोपलो होतो.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी सीमेवर होतो तेव्हा ऊस त्यानं सांभाळला, आई-वडिलांचं सगळं त्यानंच केलं. त्याला गाड्यांची आवड, मला त्यातली माहिती. म्हणून मी लिलावातली जुनी जीप घेतली, चारही चाकांना ताकद जाणारी, आणि दोघांनी मिळून फिरतं गॅरेज काढलं. चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या, डोंगरावर हौसेनं गाडी घालून अडकलेले पुण्याचे लोक, म्हसवडकडच्या माळावर बंद पडलेले टेम्पो. फोन आला की निघायचं.

सुरुवातीला सामान मागं पोत्यात असायचं. दहा नंबरचा पाना हवा असला की सगळं पोतं रस्त्यावर ओतायचं. एकदा घाटात चढावर जॅक सुटला आणि सरळ माझ्या सीटच्या पाठीवर येऊन धडकला. त्या दिवशी मी ते पोतं उचलून दरीत भिरकावलं, पान्यांसकट. भाऊ दुपारभर दरीत उतरून एकेक पाना शोधत होता. मी वर बसून त्याला शिव्या देत होतो.

मग ठरवलं, गाडीत खण करायचे. मागची सीट काढली. जाड प्लायवूडचे दोन लांब खण केले, लोखंडी चॅनलवर सरकणारे, आतून जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे खड्ड्यात खडखडाट नको. चढावर ते आपोआप उघडू नयेत म्हणून खटके लावले. कोरेगावातल्या सीट शिवणाऱ्याकडून जुन्या तंबूच्या कापडाचे कप्पे शिवून घेतले आणि दारांना आतून टांगले: वायरी, फ्यूज, बॅटऱ्या, मलमपट्टीचा डबा. छताला जाळी बांधली, तिच्यात दोर आणि ताडपत्री. पंधरा दिवस आम्ही दोघं अंगणात भुशात माखलेलो होतो. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस. भाऊ करवत चालवायचा, मी मापं द्यायचो, आणि त्याची बायको चहा आणून हसायची की एवढी मापं लग्नातल्या कपड्यांनासुद्धा घेतली नव्हती.

मागच्या दाराला आतून मी फळी ठोकली. काळा रंग दिला. त्यावर प्रत्येक हत्यार ठेवून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगानं रेघ मारली. लष्करात असंच असतं. हत्यार जागेवर असलं की रेघ जेमतेम दिसते. नसलं की पांढरी आकृती रिकामी उभी राहते आणि वस्तू हरवली हे लांबूनच कळतं. पकड, हातोडा, पहार, गाडी ओढताना पट्टा अडकवायचा लोखंडी शॅकल, सगळ्यांच्या आकृत्या काढल्या. वरच्या कोपऱ्यात, दार उघडलं की हाताशी येईल असा, कोयता. चाकाखाली घालायला बाभळीच्या फांद्या तोडाव्या लागतात, त्यासाठी.

भावानं तेव्हा मान हलवली होती. तो म्हणाला, "दादा, कोयता हितं नगं. दार उघडलं की पयला त्योच हातात येतोय."

त्यासाठीच तर तिथं लावलाय, असं मी म्हणालो. हत्यार न बघता हातात आलं पाहिजे.

आणि न बघता येतं का, याची मी परीक्षाच घ्यायला लागलो. भावाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, गाडीमागं उभं करायचं आणि नाव घ्यायचं: बारा-तेराचा पाना, पकड, शॅकल. चुकला की मनगटावर स्टीलची पट्टी. आम्हाला लष्करात असंच शिकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. चौतिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, अंगणात डोळे बांधून उभा, शेजारचे कुंपणावरून बघताहेत. पट्टी बसली की तो म्हणायचा, "पुना इचार." एकदा त्याच्या मनगटाला रक्त आलं तेव्हा त्याच्या बायकोनं चहाची किटली तिथंच ठेवली आणि आत गेली. नंतर ती अंगणात आली नाही.

तो शिकला, पण त्याचा स्वभाव शेतकऱ्याचा. कामाला लागलं की वस्तू जिथं लागेल तिथं ठेवणार. पकड विहिरीच्या कठड्यावर, हातोडा गोठ्यात. घरी आल्यावर मी दार उघडायचो, रिकामी आकृती दिसायची आणि माझ्या कानशिलात ठणका उठायचा. एकदा पाना दिसला नाही म्हणून मी खण ओढून काढला आणि अंगणात आपटून फोडला. एकदा लोकांच्या देखत, रुतलेल्या ट्रॉलीपाशी, त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं गाल चोळला आणि चिखलात गुडघे टेकून पाना शोधला. जमलेल्यांपैकी कुणी काही बोललं नाही. थोरल्यानं धाकट्याला मारलं तर मध्ये कोण पडणार? मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या रागाला मी शिस्त म्हणत होतो.

मग तो ऑक्टोबरचा दिवस आला. परतीच्या पावसानं पूर्वेकडं झोडपलं होतं. म्हसवड आणि आटपाडीच्या मधल्या एका ओढ्यात मेंढरांनी भरलेली पिकअप अडकल्याचा फोन आला. जाताना म्हसवडला आम्ही पाच मिनिटं थांबलो. मी धाब्यात लघवीला गेलो, भाऊ गाडीपाशी थांबला.

ओढ्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. पाणी चाकांच्या वर आलेलं, लालभडक, आणि मिनिटामिनिटाला वाढतंय. पिकअप एका अंगावर कललेली. हौद्यावर जाळी बांधलेली, आत मेंढरं एकमेकांवर चढलेली, खालची गुदमरून ओरडताहेत. मेंढपाळ छातीएवढ्या पाण्यात उभा राहून एका कोकराचं तोंड हातानं वर धरून होता. सत्तरीचा असेल.

मी जीप उलटी लावली, उतरलो, पळत मागं गेलो, दार उघडलं. आणि फळीवर शॅकलची आकृती रिकामी.

पुढचं सगळं दोन श्वासांत झालं. मी ओरडलो की शॅकल कुठाय. भाऊ दुसऱ्या बाजूनं पट्टा खांद्यावर घेऊन येत होता. त्यानं तोंड उघडलं, उजवा हात पुढं केला आणि म्हणाला, "दादा, मागं..."

मी ऐकलं नाही. मला फक्त ती पांढरी आकृती दिसत होती आणि मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं. माझा हात दाराकडं गेला. मी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, तशीच तर मांडणी केली होती. नंतर मी स्वतःला पुष्कळ सांगितलं की उलट्या बाजूनं मारायचा होता, नुसता धाक दाखवायचा होता. खोटं आहे. त्या क्षणी मला त्याला मारायचं होतं आणि जे हातात आलं त्यानं मी मारलं.

त्याच्या हातातून आधी आवाज आला, मग रक्त. मनगट दुसऱ्या हातात धरून तो जीपच्या मागच्या बंपरवर टेकला आणि खाली बघत राहिला. मीही तिकडं बघितलं. त्याच्या मांडीजवळ, गाडीच्या मागच्या हुकात, शॅकल बसवलेला होता. पिन घट्ट पिळून, पट्टा अडकवायला तयार. मी धाब्यात होतो तेव्हा, ओढ्यावर वेळ जायला नको म्हणून, त्यानं तो आधीच लावून ठेवला होता.

माझ्या हातातला कोयता पाण्यात पडला. मेंढपाळ कोकरू सोडून वर आला. त्यानं डोक्याचा पटका सोडला, भावाचा हात उंच धरला आणि करकचून बांधला. जनावराच्या जखमा बांधून सरावलेले हात होते ते. मी मलमपट्टीचा डबा पुढं केला तर त्यानं तो घेतला नाही. भावानं मान पिकअपकडं वळवली आणि आधी मेंढरं काढा म्हणाला. मी पट्टा अडकवला, जीप जोरात घेतली, आणि एका ओढीत पिकअप काठावर आली. शॅकल जागेवर होता ना.

मेंढपाळानं जाळी कापली. काही मेंढरं उठली, काही उठली नाहीत. तो त्यांच्याकडं न बघता माझ्यापाशी आला. अंगातून पाणी निथळत होतं. आवाज चढवला नाही.

"मेंढरू चुकलं तर आमीबी काठी हाणतो, मालक," तो म्हणाला. "पर आदी बगतो, खरंच चुकलंय का."

आटपाडीच्या दवाखान्यातल्या लोकांनी पट्टी बदलली आणि सांगलीला न्या म्हणाले. वाटेत भाऊ हात वर धरून शेजारी बसला होता. नवी पट्टीही भिजून काळी पडली होती. मी गाडी पळवत होतो. तो फक्त म्हणाला, हळू चालव.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. भाऊ म्हणाला, ऊस तोडताना लागलं. डॉक्टरही इकडचेच असावेत. त्यांनी माझ्या कपड्यांकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, कारण अजून कुठल्याही उसाच्या फडावर तोड सुरू झाली नव्हती. भावानं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यांनी ते लिहून घेतलं. मी गजाआड गेलो नाही तो त्या एका वाक्यामुळं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. ती रडली नाही, भांडलीही नाही. माझ्याकडं न बघता तिनं एवढंच विचारलं की आता यांना घास कोण भरवणार. त्या वेळी मी भरवतो म्हणालो असतो तर बरं झालं असतं. ज्या हातानं मारलं त्याच हातानं घास पुढं करायची मला लाज वाटली.

शिरा जोडल्या, पण दोन बोटं निकामी झाली ती झालीच. चार महिन्यांनी तो पुन्हा जीपवर आला. मी नको म्हणत होतो, पण घरी बसून करू काय, असं त्याचं म्हणणं पडलं. कोयता तर ओढ्यातच राहिला. फळीवर त्याची आकृती उरली होती, तिच्यावर मी काळा रंग दिला. पांढरा खालून पुन्हा दिसायला लागला. तीनदा दिला. उन्हात गाडी उभी असली की अजून दिसतो.

त्यानंतर मी कुणावरही हात उचललेला नाही. ट्रॉलीवाले दारात आडवे लावतात, मी वळसा घालून जातो. लोक म्हणतात, माणूस बदलला. शाबासकी देतात, आणि ती ऐकताना मला मान वर करवत नाही.

कारण भाऊही बदलला. आता तो एकही वस्तू इकडची तिकडं ठेवत नाही. कितीही चिखल असो, पाऊस असो, काम संपलं की डाव्या हातानं एकेक हत्यार पुसतो आणि त्याच्या आकृतीत बसवतो. जे मी पट्टीनं आणि थोबाडीत देऊन शिकवू शकलो नाही, ते त्याला आता पक्कं आलंय. कधी कधी मी मुद्दाम पकड सीटवर टाकून देतो. पाचच मिनिटांत ती फळीवर असते.

परवा मला राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, "ऱ्हाऊ दे की रं. पडू दे हितं-तितं. काय बिघडतंय?"

त्यानं पकड पुसली, फळीवर लावली, अंगठ्यानं दाबून बघितली.

"नगं, दादा," तो म्हणाला. "जागा रिकामी दिसाया नगं."

मग त्यानं दार लावलं. लावताना तो आता नेहमी उभा राहतो तसा, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर उभा होता.