कोऱ्या ताण्यावरची कात्री

नागपुरात गोळीबार चौकामागच्या गल्लीत तेव्हा उजाडल्यापासून मागांची खटखट चाले. त्यातला एक माग बाबनरावांचा. नागपुरी नऊवारी लुगडं विणण्यात त्यांचा हात असा बसला होता, की बायका नुसता काठ पाहून म्हणत, हे बाबनरावच्या मागावरचं. पण अठ्ठ्याहत्तर साल येईपर्यंत लुगडं नेसणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या सुनांना गिरणीची हलकी पाचवारी बरी वाटे. विणून झालेली लुगडी घरातल्या फळीवर तशीच पडून राहत.

बाबनरावांची धाकटी मुलगी गोपिका शहराच्या सदर भागात शोभाताईंच्या शिवणाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर मॅक्सी, फ्रॉक, बेलबॉटम शिवायची आणि दुपारी डबा खाऊन झाला की खाकी कागदावर आपल्या मनातले कपडे काढत बसायची. शोभाताई ते कागद चोरून बघत. एक दिवस त्या म्हणाल्या, "गोपिका, कापड व्यापाऱ्यांच्या मंडळानं नव्या डिझायनरांची स्पर्धा ठेवली आहे. पहिल्याला करंडक. आणि ज्याचं काम पुढं चालावं असं वाटेल, त्याला वर्षभर मदत. सदरात खोली, एक मशीन, कापडाचा खर्च. तू जा."

"मी कुठची डिझायनर, ताई?"

"मग हे कागद कोण काढतं, मी?"

पहिल्या फेरीला एक पोशाख द्यायचा होता. गोपिकेनं फळीवरचं एक लुगडं काढलं, जमिनीवर पसरलं आणि श्वास रोखून कात्री चालवली. लाल काठ गळ्याशी आणि बाह्यांना येईल असा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता तिनं शिवला. बाबनराव घरात आले, तेव्हा पदराचा कापलेला तुकडा जमिनीवर पडला होता. त्यांनी तो उचलला.

"हे काय केलं वं?"

"बाबा, कुर्ता शिवला. स्पर्धेसाठी."

"मागावरून उतरलेल्या लुगड्याले कैची लावली तू? फाटलं तं रफू करतो आपण. जुनं झालं तं गोधडीत घालतो. पन नव्या लुगड्याचे तुकडे?"

"पडूनच तं होतं, बाबा."

"पडून राहू दे. कापू नोको."

एवढं बोलून ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. त्यानंतर कितीतरी दिवस ते मुलीशी बोलले नाहीत. ताटावर दोघं समोरासमोर बसत आणि "भाकर घे," हे वाक्यसुद्धा गोपिकेच्या आईकडून, प्रयागबाईंकडून, फिरून येई.

कुर्ता मात्र निवडला गेला. शेवटच्या फेरीसाठी आणखी तीन पोशाख हवे होते. शोभाताई आनंदानं हसल्या, पण गोपिकेचा चेहरा उतरला. पुन्हा लुगड्याला कात्री लावायचा तिला धीर होईना. आणि गिरणीचं कापड आणून शिवावं, तर मग तिच्या कपड्यात तिचं असं काय राहिलं?

ती लुगडं उलगडून बघत बसे. एकदा ते तिनं आडवं धरून स्वतःला लावून पाहिलं. लुगड्याची रुंदी तिच्या खांद्यापासून गुडघ्याखाली येत होती. एक काठ गळ्याशी बसला, दुसरा खाली झुलला. कापडाचे असे दोन तुकडे, एक पुढे नि एक मागे, खांद्यावर नि बाजूंनी जोडले की झालं. गळ्यापुरती शिवण उघडी ठेवायची. बाही वेगळी लागतच नाही, खांद्यावरचं कापडच कोपराकडे उतरतं. वाकडं असं काहीच कापायचं नव्हतं.

ती उठून मागाजवळ गेली.

"बाबा, मले अशे तुकडे पाहिजेत. सरळ. पदर नको. पन एक तुकडा दुसऱ्यापासून सोडवाले कैची तं लागनच."

बाबनरावांनी धोटा थांबवला. मागावरच्या उभ्या सुताला बोट लावून म्हणाले, "दोन लुगड्यांच्या मधात आपण काय करतो?"

"कोरा ताणा सोडतो."

"मंग? तुकडा झाला की चार बोटं कोरा ताणा सोडीन. नुसतं सूत. तिथं चालव तुझी कैची. विणलेल्याले हात नोको लावू."

दारात उभ्या प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्या दिवसांनी घरात सरळ बोलणं झालं होतं.

बाबनरावांनी ते तुकडे लुगड्याच्या निगुतीनं विणले. एक जोडी काळी, लाल काठाची. एक हळदी. एक नुसती पांढरी, तिचा काठ मात्र रुंद. गोपिकेनं कोऱ्या सुतावर कात्री चालवली, सुटे धागे आत दुमडून शिवण घातली.

शेवटच्या फेरीला सदरच्या सभागृहात कॉलेजच्या मुली ते कपडे घालून चालल्या. कृष्णकांत नावाच्या तरुणाच्या चमचमत्या मॅक्सींना टाळ्या फार पडल्या आणि करंडकही त्यालाच मिळाला. गोपिकेनं मनातल्या मनात तो करंडक घरच्या कोनाड्यात ठेवूनही पाहिला होता, त्यामुळे टाळ्या वाजवताना तिची नजर त्यावरून हटेना. मग वर्षाच्या मदतीसाठी नाव पुकारलं गेलं, ते तिचं. शोभाताईंनी ढकललं तेव्हा कुठं ती उठली.

मागच्या रांगेत बाबनराव धुतलेली टोपी घालून बसले होते. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "त्या पोरी चालून राहिल्या होत्या, तवा पांढऱ्याचा काठ मागून उचलत होता. काठात थोडं सूत जास्त घालतो. वजन येईन."

सदरातलं ते वर्ष काही धो धो चाललं नाही. येणाऱ्या बायका कपड्याला हात लावून बघत, "लुगड्याचा आहे का?" विचारत आणि निघून जात. पहिलं खरं गिऱ्हाईक सिंधूताई, खापरखेड्याच्या वसाहतीतली नर्स. तिनं काळा कुर्ता घातला, दोन्ही हात वर केले, खाली वाकून पाहिलं. "कुठं ओढत नाही वं," म्हणाली आणि तोच घालून गेली. पुढच्या आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी आल्या, मग शाळेतल्या बाई आल्या. मदतीचं वर्ष संपलं, खोली परत गेली, तेव्हा गोपिका रविवारी गाठोडं घेऊन बसनं खापरखेड्याला जाऊ लागली. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आलं. गल्लीतले आणखी दोन माग तिच्यासाठी चालू लागले. त्या विणकरांना मधला कोरा ताणा किती सोडायचा, ते बाबनरावांनीच दाखवलं.

प्रयागबाईंनी मात्र तोवर जन्मभर लुगडंच नेसलं होतं. मुलीचे कुर्ते त्या घड्या घालायच्या, शेजारणींना दाखवायच्या, अंगाला कधी लावले नाहीत. मग एका उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टरच्या हातानं नऊवारीचा काष्टा घालणार कसा? दोन दिवस त्यांनी मुलीकडून नेसवून घेतलं, तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाल्या, "दे वं तुझा तो सदरा."

परकरावर हळदी कुर्ता घालून त्या ओट्यावर येऊन बसल्या. समोरच्या जनाबाई बघतच राहिल्या.

"काहून वं प्रयागबाई, कॉलेजात नाव घातलं काय?"

"घातलं," प्रयागबाई म्हणाल्या आणि ओट्यावर पाय लांब करून वाऱ्याला बसल्या.