परत आलेला ठिपका

परुळेकर मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती भाईंदरला, त्यांच्या घराच्या दारात. संशोधनासाठी मार्गदर्शक व्हाल का, हे विचारायला गेले होते. पालीची कोळीण टोपली घेऊन बसली होती. "ताजं हाय बाय, बघून घे." मॅडमनी एक बांगडा उचलून उजेडात कलता केला. "रंग बदलतोय ना? हा सगळा आतल्या मांडणीचा खेळ. आपण तेच काचेवर करतोय." माझी मुलाखत तेवढीच झाली.

काचेवर केसाहून कितीतरी बारीक खांब आणि त्यांवर पातळ थर, पुन्हा लिहिता येणाऱ्या जुन्या सीडीत असायचा तसलाच. नेमका तापवला की त्याची आतली मांडणी बदलते आणि परावर्तित प्रकाश दुसरीकडे वळतो. आणखी तापवून झटक्यात थंड केला, तर जुनी मांडणी परत यायला हवी. मॅडमचा रागही असाच चढतो आणि लगेच निवतो. थराला मात्र ते जमत नव्हतं.

प्रयोगशाळेची आर्थिक मदत चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला समिती आली. माझी डॉक्टरेट त्यावरच अवलंबून होती. काचेवरून परावर्तित होऊन भिंतीवर पडलेला लेझरचा लाल ठिपका डावीकडे सरकला आणि तिथेच बसला. एक सहकारी कुजबुजले, "मॅडम, हळूच नवा तुकडा लावू? ठिपका परत आल्यासारखा दिसेल. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना," मॅडम म्हणाल्या आणि समितीकडे वळल्या. "गेला, पण परत आला नाही. काम अर्धंच झालंय."

मदत थांबली. मला मॅडमचा फार राग आला होता. त्याच आठवड्यात मॅडम काशीगावला आमच्या घरी आल्या. आई म्हणाली, "हिच्यासाठी नोकरी बघतोय आम्ही. पुरे झालं आता." चहा घेत मॅडम म्हणाल्या, "ताई, घाई माझी झाली, हिची नाही. थोडे दिवस द्या." आईने दिले.

दुसऱ्या प्रयोगशाळांकडून मागून आणलेल्या यंत्रांवर आम्ही थराखाली धातूचा पातळ लेप चढवला, उष्णता पटकन निघून जावी म्हणून. एका सकाळी ठिपका डावीकडे गेला आणि जागेवर परत आला. मी रडायलाच लागले. मॅडम म्हणाल्या, "आता पुन्हा." दुपारपर्यंत तो जात-येत राहिला, तेव्हा कुठे त्यांनी डबा उघडला आणि पहिली पोळी माझ्या हातावर ठेवली.

आज माझे विद्यार्थी "झालं" म्हणत येतात, तेव्हा मी विचारते, "परत आला का?" आवाज माझा असतो, प्रश्न मॅडमचा. साठी पूर्ण करणाऱ्या मॅडमना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो. मॅडम, निवृत्त खुशाल व्हा, पण हा प्रश्न मला विचारायला तुम्हीच हव्यात.