मावशीची विहीर आणि माझी बोअर

दहिसरच्या आमच्या चाळीत पूर्वी नळाला पाणी यायचं ते तासभर, तेही त्याच्या मर्जीने. बाकीचा दिवस आम्ही शेजारच्या कोळीण मावशीच्या विहिरीवर काढला. खाडी पाच मिनिटांवर, तरी पाणी गोड. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा पहिला भात तिने याच पाण्यात शिजवला. मावशीने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. ती नसती तर आमची तोंडं कोरडीच राहिली असती.

एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. आता मी कोकणातला माणूस. आमच्या गावी विहीर आटली की ती खोल करतात, झरा लागेपर्यंत. यापलीकडे पाण्यातलं मला काही कळत नव्हतं, पण कळत असल्याचा रुबाब भारी होता. चाळीला पटवून मी आमच्या अंगणात बोअर मारायला लावली. मावशीने कुंपणापलीकडून सांगितलं, "खोल जाऊ नको रे. गोडं पानी वर तरंगतंय, त्याच्या खाली दर्या हाय." मी हसलो. वर तिला म्हणालो की मावशी, तू मासळीचं बघ, पाण्याचं मी बघतो.

ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बोअर खोल गेली नि दोन वर्षं पंप मजेत चालला. मग चहात दूध घातलं की फाटायला लागलं, डाळ तासभर उकळूनही कडकच. आधी बोअर खारट झाली, मग महिन्याभरात मावशीची विहीरही. गल्लीत ओरडा झाला. कुणी टॉवर बांधणाऱ्या बिल्डरांना शिव्या घातल्या, कुणी नशिबाला. माझ्याकडे बोट वळायच्या आतच मावशीने सांगून टाकलं की दर्याच वाढलाय, भरतीचं पाणी आता घरांच्या पायरीला लागतं; आणि पाऊस चार दिवसांत कोसळून गटारात जातो, जमिनीत मुरणार काय? ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक होतं नि मलाही.

चाळीला खरं सांगून मी पंप बंद करवला. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पाइप लावून तिच्या विहिरीत सोडलं. पावसाळ्यात आता विहीर थोडी गोड होते, होळीनंतर पुन्हा खारट होते. माझ्या हयातीत ती पूर्वीसारखी होईल असं वाटत नाही.

पुढे आमच्या चाळीचा नळ सुधारला. कुंपणापलीकडे मावशीच्या वस्तीत मात्र अजून टँकरच. मी बायकोकडून निरोप पाठवला की पाणी आमच्याकडून भरून ने. ती आली नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. गुडघे धरून ती टँकरच्या रांगेत उभी असायची आणि मी ते खिडकीतून बघायचो. तिच्यासमोर जायची माझी हिंमत नव्हती. दोन वर्षं अशीच गेली.

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी मला ते बघवेना. तसाच लुंगीवर खाली उतरलो, रांगेत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की मावशी, तुझं पाणी मी घालवलं, आता घरी चल.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "निरोपावर पानी भरायला मी पाहुनी हाय काय रे? सोताला यायला येवढी वर्सं लागली?"

तिने रिकामा हंडा माझ्या हातात कोंबला आणि रांग सोडून पुढे चालू लागली. घरात शिरून सरळ मोरीत गेली, नळ कमी सोडलाय म्हणून मला झापलं आणि उद्या सहाला येणार म्हणून बायकोला बजावलं. हंडा भरत होता आणि मी नळाकडे तोंड करून उभा होतो, कारण वळलो असतो तर तिला माझे डोळे दिसले असते.