भावाची लेक आणि एकविसावी जोडी

आमच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, हे ती जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते ऐकून घेतले आणि तिला वाढवायला लागलो. गुणसूत्रांची तपासणी राहूनच गेली. यंदा ती चौदा वर्षांची झाली. थायरॉइडसाठी तिला रहिमतपूरहून सांगलीला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती तपासणी करायला लावली.

माझी बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात नवल नाही. जतहून भावाची लेक सून म्हणून आणायचा हट्ट आईचा होता. मुलगी अशी झाल्यावर कुणीतरी बोलून गेले, ‘रक्तातच रक्त दिलं, दुसरं काय व्हणार?’ ते आईने मनाला लावून घेतले आणि माहेरी जाणेच सोडले. भावाचा फोन आला की ती तो माझ्या बायकोच्या हातात द्यायची.

रिपोर्टच्या दिवशी आईही हट्टाने आली. डॉक्टरांनी फोटो समोर ठेवला. गुणसूत्रांच्या जोड्या, लांबीप्रमाणे ओळीने लावलेल्या.

“शी, अळ्या!” मुलगी म्हणाली.

“तुझ्याच हायेत त्या,” आई म्हणाली. मुलगी एवढी हसली की डॉक्टरांनाही हसू आवरेना.

मी मोजल्या. बावीस जोड्या आणि शेवटची एक, मुलगा की मुलगी ठरवणारी. एकविसाव्या जागी मात्र तीन. शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. शिवाय एकविसावे बाविसाव्यापेक्षा आखूड दिसत होते. मी विचारलेच.

“नंबर आधी दिले, लांबी नीट मोजली नंतर,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही पहिलेच विचारणारे.”

“ह्यो भाजी घेतानाबी काट्यावर नजर ठेवतो,” आईने सांगून टाकले.

डॉक्टर तिला समजावू लागले. पेशीत गुणसूत्राचा धागा एरवी सैल पसरलेला असतो. पेशी दोन व्हायच्या आधी तो घट्ट गुंडाळला जातो, म्हणून वाटणी करता येते.

आई मेंढरं राखणाऱ्या घरातली. “तळ हलवायचा असला की आमीबी कातलेल्या लोकरीचं गुंडं करायचो,” ती म्हणाली. “सैल सूत न्हेलं तर गुतायचंच.”

“अगदी तसंच, आजी. इथं वाटणी होताना एका जोडीतली दोन्ही एकाच बाजूला गेली. मग दुसऱ्या पालकाकडचं एक मिळून तीन झाली.”

“कुणाच्या चुकीनं?”

“कुणाच्याच नाही. बीज तयार होतानाच असं कधीकधी होतं. कुठल्याही घरात.”

आईने मग सरळ विचारले, “भावाची लेक केली म्हून न्हाई?”

“नाही, आजी. नात्यात लग्न केल्यानं दुसरे काही आजार येऊ शकतात. हा त्यातला नाही.”

तिने तेच पुन्हा विचारले. डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितले, न कंटाळता.

बाहेर आल्यावर तिने माझा फोन मागितला. मामाला कमी ऐकू येते, म्हणून ती दवाखान्याच्या पायरीवरच ओरडून बोलू लागली.

“दादा, लगीन केलं म्हून न्हाई झालं ते! डॉक्टर म्हणत्यात!”

“मी कवा म्हणलो व्हतो झालं म्हून?” मामाचा आवाज आम्हालाही ऐकू आला. “तूच यायची बंद झालीस की गं!”

मुलीने आजीच्या हातातून फोन घेतला. “आजोबा, माझ्याकडं सत्तेचाळीस अळ्या हायेत,” ती म्हणाली. “दाखवायला येते.”

त्या रविवारी आम्ही जतला गेलो. फोटो आईनेच पिशवीत घेतला होता.