आबांची मान आणि दिलीपचं सलून

मित्रांनो, बारामतीच्या सायबर कॅफेत बसून ग्रुपवर सगळ्यांना ही मेल टाकतोय. घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. नस दबली होती, त्यामुळं उजव्या हातात अजून जोर नाही. फिजिओथेरपीला इथं आणतो. चेंडू दाबायचा, वाटीतले शेंगदाणे उचलायचे, असलं चाललंय. पण दाढीचा वस्तरा काही धरता येत नाही, म्हणून आज सकाळी गावात, सणसरला, दिलीपच्या सलूनमध्ये नेलं.

दिलीपनं मानेचा पट्टा हळूच काढला. झकास दाढी केली, डोक्याला तेल चोळलं. मी पेपर वाचत होतो. सहज वर बघतो तर त्याचा एक हात आबांच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. दाढी झाली की मान कडकन मोडायची, ती मोडायला! आणि आबा मान सैल सोडून, डोळे मिटून तयार.

"दिलीप, सोड!" मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं आत आली.

दिलीपनं झटकन हात काढले. "पट्टा मीच काढला की हो... पन हात आपोआप गेला."

आबांनी डोळे उघडले. "का रं, थांबवलंस कशाला त्याला?"

फिजिओच्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी आधी आबांची मान तपासून घेतली. वजन उचलू नका, ट्रॅक्टरवर बसू नका, सगळं सांगून झालं होतं. सलून कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्याकडं असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर त्यांच्या सलूनवाल्याला कुणी सांगितलंय का? आजच सांगा. आमचे आबा तर अजून कुरकुरतायत, "दाढी अर्धीच राह्यली."