हातचं कॉलेज, पळती शाळा

आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारत नाही, असं मी भिशीतल्या बायकांना ठासून सांगत असे. मग ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आमच्या ओव्हनची काच फुटली, पॅसेजच्या भिंतीला भोक पडलं, नवऱ्याच्या भुवईतून रक्त आलं आणि मी माझ्या सोळा वर्षांच्या लेकीच्या थोबाडीत ठेवून दिली. आता भिशीत हा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते.

भांडणाचं मूळ लेकीची शाळा. तिचा जीसीएसईचा, म्हणजे इंग्लंडातल्या दहावीचा, निकाल लागला होता. पुढच्या दोन वर्षांसाठी इथल्याच, मिल्टन कीन्समधल्या, एका कॉलेजात जागा मिळाली होती आणि ती तिने स्वीकारलीही होती. पण तिला हवी होती शेजारच्या गावातली ग्रामर स्कूल, म्हणजे निवडक हुशार मुलांनाच घेणारी शाळा, आणि मला तर ती तिच्याहून जास्त हवी होती. तिथे लेक वेटिंग लिस्टवर लटकलेली. कॉलेज म्हणत होतं, शुक्रवारी येऊन नाव नोंदवा आणि बाकीचे नाद सोडा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. शाळा म्हणत होती, सांगता येत नाही, सप्टेंबरातही यादी हलते.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," नवरा म्हणाला.

"तुम्ही कधी लागला नाहीत, म्हणून तर ऑफिसात अजून त्याच टीममध्ये आहात," मी म्हटलं. सासूबाई घरात असल्या की मी त्याला अहो-जाहो करते. तेवढाच संसाराला शिष्टाचार.

सासूबाई पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. नातीचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना. त्यांनी माझं सगळ्यात मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, नळाखाली भरलं आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती त्यात आडवा बुडवला. "शाळेचा फोन येईपर्यंत हा बाहेर यायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. "गुदमरू दे जरा. त्याशिवाय हालचाल करायचा नाही." लेकीला आधी हसू आलं. मग तीही येता-जाता पातेल्यात डोकावून "कम ऑन, बाप्पा" म्हणून धमकावू लागली.

बुधवारी मी घरूनच काम करत होते. सासूबाई रेडवेवर, म्हणजे आमच्याकडच्या त्या लाल पायवाटांवर, फिरायला गेल्या होत्या. नवऱ्याने वीकेंडला मित्रांना बार्बेक्यूला बोलावलं होतं आणि त्याला चिकन मुरवायला मोठं भांडं हवं होतं. या गृहस्थाने गणपती बाहेर काढला, पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, वर बागेतलं हायड्रेंजियाचं फूल वाहिलं आणि त्याच पातेल्यात दही, मसाला आणि कोंबडी कालवून फ्रिजमध्ये सारली.

मग लेक घरी आली. देव्हाऱ्यात गणपती कोरडा, डोक्यावर फूल. आजीने तर सांगितलेलं, शाळेचा फोन आल्याशिवाय हा बाहेर नाही. ती जिना चढून माझ्या खोलीच्या दारात आली आणि तिने काहीतरी विचारलं. माझ्या कानाला हेडसेट, समोर स्क्रीनवर मॅनेजर चिडलेला. दारात कुणीही आलं तरी मी अंगठा वर करते, तसा केला. तिने माझ्या गालाचा कचकन मुका घेतला, खाली गेली आणि कॉलेजला फोन लावून सांगितलं की माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. कुणीतरी माझ्यासारखंच ताटकळत असेल ना, म्हणे. संस्कार माझेच.

हे सगळं उलगडलं संध्याकाळी, मी पोळ्या लाटत असताना.

"आई, ब्लेझर कधी घ्यायचा?"

"कसला ब्लेझर?"

"शाळेचा. तू तर थम्ब्स-अप केलंस! आणि बाप्पा बाहेर होता!"

"मी बाप्पाला हातही लावला नाही."

आम्ही दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने फ्रिजकडे. सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि त्या किंचाळल्या, "मेल्या, देवाच्या भांड्यात कोंबडी?" असं म्हणून त्यांनी आपल्या पन्नाशीच्या मुलाच्या तोंडावर झारा हाणला. भुवई फुटली.

"आई गं! अगं, पातेलं धुतलं होतं ना मी!"

"मी कॉलेजला 'नको' सांगून टाकलंय," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. दुसऱ्याच क्षणी तो छताला लागला. "आय गेव्ह इट अवे! माझ्याकडे आता काहीच नाहीये! बिकॉज यू ऑल आर मॅड!" तिने पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला लाथ मारली. या नव्या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो उपटून ती परत ओट्याशी आली.

"आधी विचारता येत नव्हतं? तोंड नव्हतं?" मी.

"विचारलं ना! तू कधी ऐकतेस? ही शाळा मला नकोच होती, तुला हवी होती. मिरवायला!"

तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. आवाज इतका स्वच्छ आला की सगळे थांबले. तिने माझं मनगट धरलं आणि पिरगळलं. पोरगी नेटबॉल खेळते, मी स्प्रेडशीट भरते. मी गुडघ्यांवर आले. नवरा सोडवायला आला, तर उरलेल्या हाताने मी त्याच्यावर लाटणं फेकलं. "तू! तुझ्यामुळे! गाढवा!" अहो-जाहो तिथेच संपलं. माझा नेम शाळेपासून वाईट आहे. लाटणं ओव्हनवर बसलं आणि दाराची काच फुटून खळ्ळकन फरशीभर पसरली. लेक तरीही सोडेना, मी तिची वेणी धरली, ती ओरडली, मीही ओरडले. तिच्या नखांनी माझ्या हातावर ओरखडे काढले होते आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिला आणखी मारायचं होतं.

दारावरची बेल वाजली.

शेजारची आजीबाई. आम्ही चौघं ओळीने हॉलमध्ये उभे राहिलो. एकाच्या भुवईतून रक्त, एकीच्या गालावर पाच बोटं, माझ्या हातावर ओरखडे, सासूबाईंच्या हातात झारा. "एव्हरीथिंग ऑल राइट, लव्ह?" माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, मुलं काढून नेणारे सोशल सर्व्हिसेसवाले, सगळे येऊन गेले. बाई माझ्याकडे बघतच नव्हती. ती लेकीला विचारत होती.

"वुई आर फाइन," लेक म्हणाली. "प्रेयर्स. वुई ब्रेक कोकोनट्स." मग माझ्याकडे न बघता तिने दार लावलं.

रात्री कुणी जेवलं नाही.

सकाळी मी आणि लेक गाडीत बसलो. एकेक राउंडअबाउट मागे पडत होतं. माझं मनगट सुजलेलं, गिअर टाकताना कळ यायची. कॉलेजच्या खिडकीमागे चष्मा लावलेली एक बाई होती. तिने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "तू जागा सोडल्याचं आलंय माझ्याकडे. अजून कुणाला दिलेली नाही. पण मला आत्ताच उत्तर हवं."

मला ती शाळा दिसत होती, जुन्या विटांची, हिरव्या मैदानाची. 'सप्टेंबरात यादी हलते,' हे वाक्य दातांमागे येऊन उभं राहिलं. मी ओठ चावला.

"हवीय," लेक म्हणाली.

गाडीत परत आल्यावर मी विचारलं, "नक्की?"

"काल वाटलं ना, शाळा मिळाली, तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला तो तू खूश होशील म्हणून. आणि मग काहीच उरलं नाही, तेव्हा मी कशासाठी रडले माहितेय? कॉलेजसाठी. शाळेचा विचारही आला नाही."

तिच्या गालावर अजून लाली होती. 'सॉरी' म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिने बोट वर करून मला थांबवलं. फोन लावला होता. स्पीकरवर शाळेच्या ऑफिसातली कुणीतरी मुलगी गोड आवाजात बोलत होती. लेकीने सांगितलं, माझं नाव तुमच्या यादीतून काढा.

"खात्री आहे ना?" पलीकडून प्रश्न आला. "एकदा काढलं की परत घालता येत नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं. फोन माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी तो सुजलेला हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर सगळ्या वजनानिशी बसून राहिले.